१९५०च्या दशकातली दुपार: ४५ आरपीएमचा चेंजर, व्ह्यू-मास्टर आणि कनास्टा (तांत्रिक मदत हवी)

रारिटनकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मध्य न्यू जर्सीतल्या एका सीनियर डे सेंटरमध्ये दुपारच्या कार्यक्रमांची आखणी माझ्याकडे असते. येणारी मंडळी बहुतेक अमेरिकन, जन्मसाल साधारण १९३५ ते १९४८. मुलांकडे राहायला आलेले काही मराठी आजी-आजोबाही आहेत. १९५०च्या दशकातल्या करमणुकीवर दोन तासांची दुपार करायची आहे.

देणगीत आलेलं सामान असं: आरसीए व्हिक्टरचा ४५-ईवाय-२ हा बेकेलाइटचा छोटा रेकॉर्ड चेंजर (रेकॉर्डींचा ढीग एकामागून एक आपोआप वाजवणारा), खोकाभर सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या (४५ आरपीएम) रेकॉर्डी, बेकेलाइटचे चार जुने व्ह्यू-मास्टर (डोळ्यांना लावून त्रिमितीत चित्रं बघायचे), त्यांची बरीच रिळं, आणि पत्त्यांचे भरपूर कॅट.

चेंजर चालू होतो, पण ताटली हळू फिरते, सुईचा आर्म मध्येच अडकतो आणि आवाज अगदी क्षीण येतो. व्ह्यू-मास्टरमध्ये दोघा-तिघांना नुसतं धूसर दिसतं. पत्त्यांमध्ये मंडळींनी कनास्टा मागितला आहे, आणि आमच्या मदतनीसांना फक्त रमी येते. आधी काय दुरुस्त करावं आणि काय नाद सोडावा, हे कृपया सांगा.

खरखर_तबकडी

चेंजरचं सविस्तर लिहितो. ती गोष्ट नीट झाली तर अर्धी दुपार तिच्यावरच निघेल.

पहिलं म्हणजे तो सध्या प्लगमधून काढून ठेवा. त्या काळच्या बऱ्याच लहान व्हॉल्व्हच्या संचांत ट्रान्सफॉर्मरच नसतो. मेन्सची (घरातल्या विजेची) एक तार थेट किंवा कपॅसिटरमधून चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेली असते आणि प्लगच्या दोन्ही पात्या सारख्याच, त्यामुळे प्लग उलटा बसला की चासीवर १२० व्होल्ट येऊ शकतात. बटण गळून पडलेला उघडा दांडा किंवा तळाचा स्क्रू हात लागायला पुरेसा असतो. सेंटरमध्ये वापरायचा तर १:१चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज तेवढंच ठेवून यंत्राला मेन्सपासून वेगळं करणारा), निदान १०० व्हीएचा, मध्ये हवाच. सगळी बटणं जागेवर हवीत आणि रबर तडकलेली वायर नवी हवी. कागदी कपॅसिटर आणि फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जुने असतील तर व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून सरसकट बदलून घ्या. बंद असतानाही त्यांत भार साठून राहतो, म्हणून हे काम हौशी माणसाने करू नये. बाकीचं यांत्रिक काम मात्र घरी होण्यासारखं आहे.

ताटली हळू फिरण्याचं कारण बहुधा रबरी आयडलर चाक. मोटरच्या दांड्यावरून ताटलीच्या आतल्या कडेला गती देणारं हेच चाक. वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून राहिलं की रबर काचेसारखं गुळगुळीत होतं आणि एका जागी चपटंही होतं. चपटं झालं असेल तर प्रत्येक फेऱ्याला टक्-टक् असा ठोका ऐकू येतो. नुसतं गुळगुळीत असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने कड हलकेच खरवडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने चाक, मोटरचा दांडा आणि ताटलीची आतली कड पुसा. ठोका येत असेल तर खरवडून उपयोग नाही, चाकावर नवं रबर चढवून देणारे कारागीर अमेरिकेत अजून आहेत. मोटर ज्या रबरी गुट्ट्यांवर टांगलेली असते त्याही बघा. त्या विरघळून चिकट झाल्या की मोटर खाली झुकते, चाक तिरकं लागतं आणि स्पीकरमध्ये घरघर येते.

आर्म मध्येच अडकतो तो वाळलेल्या ग्रीसमुळे. मूळ ग्रीस आता मेणासारखं घट्ट झालेलं असणार. त्यावर नवं तेल ओतणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक. दोन दिवस चालतं आणि पुन्हा बसतं. जुनं पूर्ण काढा: नॅफ्था किंवा अल्कोहोल, जुना टूथब्रश, कान साफ करायच्या काड्या. धातूवर धातू घसरतो तिथे पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात, मोटरच्या दोन्ही बेअरिंगना हलक्या तेलाचा एकेक थेंब, आणि रबराजवळ काहीही नाही. रेकॉर्ड संपल्यावर बदलाचं चक्र सुरू करणारी जी छोटी ट्रिपची पट्टी असते, ती स्वच्छ करून *कोरडीच* ठेवा. तिला तेल लागलं की धूळ धरते आणि सुई शेवटच्या खाचेत फिरत बसते.

क्षीण आवाजाचं मूळ कार्ट्रिजमध्ये, म्हणजे आर्मच्या टोकाला सुई धरणाऱ्या भागात. त्या काळच्या क्रिस्टल कार्ट्रिजमधला स्फटिक रोशेल क्षाराचा असतो. तो हवेतला ओलावा शोषून मरतो, आणि मेलेला परत येत नाही. त्याच मापाचं सिरॅमिक कार्ट्रिज बसवा. सुई १ मिल म्हणजे साधारण २५ मायक्रॉनच्या टोकाची हवी. ३ मिलची सुई मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डींच्या जाड खाचेसाठी असते, ती ४५वर लावली तर खाचेच्या तळापर्यंत पोचतच नाही, वरच्या कडा मात्र खाते. नीलमण्याचं टोक जेमतेम पन्नासेक तास टिकतं, हिऱ्याचं कितीतरी जास्त. पैसे खर्च करायचे तर इथे करा.

आता रेकॉर्डी. आरसीएने ४५ बाजारात आणली १९४९ साली, कोलंबियाच्या ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीला (लाँग प्ले रेकॉर्डीला) उत्तर म्हणून. एलपी आदल्याच वर्षी आली होती. दीड इंची मोठं भोक, आणि त्या जाड खांबातच रेकॉर्ड सोडायची यंत्रणा. खांबातून पातळ पाती बाहेर येतात, तळाच्या आणि तिच्या वरच्या रेकॉर्डीच्या फटीत शिरतात, वरचा ढीग उचलून धरतात आणि तळाची एकच खाली सोडतात. ही हालचाल लोकांना जवळून बघू द्या. गाण्याइतकीच ती आठवते. वाकडी झालेली रेकॉर्ड ढिगात घालू नका, फट नीट मिळाली नाही तर पातं अडकतं. पूर्ण ढीग न रचता चार-पाचच लावा.

खोक्यात रंगीत पारदर्शक रेकॉर्डी निघाल्या तर वेगळ्या काढा. सुरुवातीच्या काही वर्षांत आरसीएने प्रकारानुसार रंग ठरवले होते: लोकप्रिय गाणी काळ्यात, अभिजात संगीत लाल, कंट्री हिरव्या, मुलांची पिवळ्या, ऱ्हिदम अँड ब्लूज नारिंगी-लालसर, परदेशी फिकट निळ्या आणि हलकं अभिजात गडद निळ्या रंगात. खिडकीसमोर धरून दाखवा.

धुण्यासाठी डिस्टिल्ड पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मायक्रोफायबर फडकं खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं. काही कंपन्यांच्या ४५ व्हिनाइलऐवजी स्टायरीनच्या असतात. त्या हलक्या आणि ताठ, नखाने टिचकी मारली की कोरडा कडक आवाज देतात, लेबल वरून चिकटवलेलं असतं. जड आर्मखाली त्या फार लवकर झिजतात आणि पडल्या तर तडकतात. अशा रेकॉर्डी या चेंजरवर लावूच नका, आजच्या दोनेक ग्रॅम वजनाच्या टर्नटेबलवर लावा. भोकासाठी ते छोटं पिवळं प्लास्टिकचं चक्र मिळतं. खोक्यात ७८च्या लाखेच्या निघाल्या तर त्यांना अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते.

सदाशिव_४११०३०

आमच्याकडे नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला असाच आरसीए आहे, पुण्यात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण सगळे गायक रडवेले वाटतात. आयडलर नवा आहे. ग्रीसही बदललंय.

खरखर_तबकडी

तुमच्या यंत्रात बिघाड नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी नाही. ही मोटर मेन्सच्या फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात फिरते, आणि अमेरिकेत ६० हर्ट्झ, भारतात ५०. ४५ गुणिले ५०/६० म्हणजे ३७.५ फेरे. सूर तीन अर्धस्वरांहून जरा जास्तच उतरतो, काळी तीनचं गाणं काळी दोनच्याही किंचित खाली जातं.

उपाय दोन. मोटरच्या दांड्याचा व्यास १.२ पट करायचा: मोजून ५ मिमी आला तर ६ मिमी, म्हणजे अर्ध्या मिलिमीटर जाडीची पितळी बुश लेथवर करून घ्यायची. ती तंतोतंत गोल हवी, नाहीतर गाणं हिंदकळतं. दुसरा आणि मला पसंत असलेला उपाय म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, १२० व्होल्ट ६० हर्ट्झ देणारा प्युअर साइन इन्व्हर्टर, १५०-२०० वॉटचा. मूळ यंत्राला हात लावावा लागत नाही आणि मोटरही गरम होत नाही, कारण ६० हर्ट्झची मोटर ५०वर त्याच व्होल्टेजला जास्त करंट ओढते. मॉडिफाइड साइनवाला स्वस्त इन्व्हर्टर घेऊ नका, मोटर गुणगुणते आणि ती गुणगुण स्पीकरमध्ये येते.

स्टेप-डाउनच वापरणार असाल तर तो ऑटोट्रान्सफॉर्मर नाही ना हे बघा. बाजारातले बरेच स्वस्त तसेच असतात आणि त्यांत मेन्सपासून विलगीकरण होत नाही, म्हणजे चासीच्या शॉकचा धोका तसाच राहतो.

वेग तपासायला स्ट्रोब डिस्क (वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्याखाली जिच्या रेघा स्थिर दिसतात ती चकती) वापरणार असाल तर ४५साठी ६० हर्ट्झची १६० रेघांची आणि ५० हर्ट्झची १३३ रेघांची, अशा वेगवेगळ्या असतात. तुमच्या घरातला दिवा ५० हर्ट्झच्या मेन्सवर लुकलुकतो, म्हणून इन्व्हर्टर लावला तरी डिस्क १३३चीच बघायची. एलईडी दिवे बरेचदा लुकलुकतच नाहीत, निऑनचा इंडिकेटर बरा. हे काहीच नसेल तर ताटलीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा आणि मिनिटाला ४५ फेरे मोजा.

जुनी_रिळं

व्ह्यू-मास्टरचं सांगते. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनाच्या वेळी हे बाजारात आलं, पोर्टलंड, ओरेगनच्या सॉयर्स कंपनीकडून. एका रिळात १४ बारीक पारदर्शिका, म्हणजे डाव्या-उजव्या डोळ्याच्या ७ जोड्या. सुरुवातीची रिळं बहुतेक प्रेक्षणीय स्थळांची, ग्रँड कॅन्यन, राष्ट्रीय उद्यानं वगैरे. १९५१ साली सॉयर्सने ट्रू-व्ह्यू कंपनी घेतली आणि तिच्याबरोबर डिस्नेचे हक्क आले, तेव्हापासून मुलांची रिळं वाढली. मराठी आजी-आजोबांनाही वस्तू ओळखीची निघेल. मुंबईच्या पटेल इंडिया कंपनीने ती परवान्यावर भारतात बनवली होती.

धूसर दिसण्याची कारणं वेगवेगळी असतात, आधी ती वेगळी करा. भिंगावरची धूळ आणि बुरशी: वरच्या खाचेतून फुग्याने हवा मारा, मग किंचित ओलसर कापसाच्या काडीने भिंगाची आतली बाजू. रिळाची फिल्म: मऊ ब्रश आणि हवा एवढंच, पाणी नको, कारण पुठ्ठा फुगला की रीळ खाचेत बसत नाही. एकावर एक दोन चित्रं अर्धी-अर्धी दिसत असतील तर कळ पूर्ण दाबली गेलेली नाही किंवा रीळ नीट खाली बसलेलं नाही. अशा वेळी जोर लावला तर रिळाच्या कडेच्या चौकोनी खाचा फाटतात आणि ते रीळ कायमचं जातं.

दुसरं कारण डोळ्यांचं. बेकेलाइटच्या मॉडेल सीला फोकस नाही. लांबचं स्पष्ट दिसणाऱ्या डोळ्याला त्यातलं चित्र स्पष्ट दिसतं, म्हणून वाचायचा चष्मा काढून आणि लांबचा लावून बघायला सांगा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत एक डोळा लांबच्यासाठी आणि एक जवळच्यासाठी केला असेल तर मॉडेल सीमध्ये त्रिमिती नीट जुळणार नाही. ज्यांना एकाच डोळ्याने दिसतं त्यांनाही खोली जाणवणार नाही, पण रंग आणि चित्र पूर्ण आनंद देतात. त्यांना आधीच तसं सांगा, नाहीतर "मला काही दिसत नाही" म्हणून व्ह्यूअर खाली ठेवून देतात. फोकसचं चाक असलेलं मॉडेल डी एखादं मिळालं तर जरूर घ्या, त्यात दिवाही आहे.

प्रकाश मागून येऊ द्या: ढगाळ दिवसाची खिडकी किंवा पांढऱ्या भिंतीवर पडलेला टेबललँप. उन्हाकडे तोंड करून कधीही नाही. बेकेलाइट जड असतं, हात थरथरतो. कोपर टेबलावर, खाली घडी केलेला टॉवेल. चित्राबरोबरचा मजकूर फार बारीक असतो, तो मोठ्या अक्षरात छापून सातही ओळी प्रत्येकापुढे ठेवा. शक्य असेल तर एकाच रिळाच्या चार प्रती जमवा, म्हणजे चौघं एकाच वेळी एकच चित्र बघतात आणि बोलणं आपोआप सुरू होतं. एक व्ह्यूअर दहा जणांत फिरवला तर नऊ जण गप्प बसून राहतात. एकातून दुसऱ्याकडे देताना साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने डोळ्यांची बाजू पुसून कोरडी करा.

रिळं निवडताना एक गोष्ट बघा. त्या काळची कोडाक्रोम फिल्म अंधारात ठेवलेली असेल तर आजही रंग टिकवून असते. सॉयर्स कंपनी १९६६ साली गॅफने घेतली, आणि पुढे वापरलेल्या फिल्मवरची रिळं बऱ्याचदा पार गुलाबी पडलेली असतात. ती बाजूला ठेवा.

अर्धस्वर

उपकरणांवर चांगलं लिहिलं गेलंय, मी निवडीबद्दल बोलतो, कारण दुपार बहुतेक वेळा तिथेच फसते. "फिफ्टीज" असं एकच खोकं धरू नका. माणसाला सर्वांत घट्ट लक्षात राहतं ते साधारण दहा ते पंचविशीतलं. १९३५ साली जन्मलेल्यांचं तारुण्य १९५०च्या सुरुवातीचं: मोठे वाद्यवृंद ओसरत होते, एकल गायकांचे दिवस होते, कनास्टाची लाट होती. १९४८ साली जन्मलेले मात्र १९५५मध्ये सात वर्षांचे होते. त्यांची गाणी १९६०नंतरची. तुमच्या यादीत दोन पिढ्या आहेत. जन्मसालं लिहून काढा, त्यांत पंधरा मिळवा, आणि रेकॉर्डींच्या लेबलवरची किंवा माहितीतली सालं त्याच्याशी ताडून पहा.

फिलाडेल्फिया जवळ असल्याचा फायदा घ्या. अमेरिकन बँडस्टँड हा किशोरांच्या नाचाचा कार्यक्रम तिथूनच व्हायचा आणि ऑगस्ट १९५७पासून एबीसी या टीव्ही वाहिनीवरून देशभर दिसू लागला. १९४०-४५च्या दरम्यान जन्मलेल्या न्यू जर्सीकरांसाठी यासारखा विषय नाही. "तुम्हाला आठवतं का?" असं विचारू नका, स्मृतिभ्रंश असलेल्याला ती परीक्षा वाटते. "शाळेतून आल्यावर टीव्ही कुठे असायचा?" असं विचारा.

आवाजाचं म्हणाल तर वाढत्या वयात आधी वरचे सूर ऐकू यायचे बंद होतात. आवाज नुसता मोठा केला तर खालचे सूर गजबजतात आणि शब्द तसेच अस्पष्ट राहतात. खुर्च्या अर्धवर्तुळात, स्पीकर कानांच्या उंचीवर, एसीचा पंखा कमी, आणि ज्यांच्या श्रवणयंत्रात संगीताचा वेगळा प्रोग्रॅम आहे त्यांना तो लावायला सांगा. एक बाजू तीनेक मिनिटांची असते. दोन वाजवा, मग थांबा आणि बोलू द्या. चेंजर सलग वाजवू शकतो म्हणून त्याला सलग वाजवायची गरज नाही.

किलवर_राणी

कनास्टा मला सांगू द्या. रमी येणाऱ्या मदतनिसांनी पहिलं विसरायचं ते सिक्वेन्स. इथे सिक्वेन्स लागतच नाही, फक्त एकाच किमतीची पानं. उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओमध्ये १९३९च्या सुमारास जन्मलेला हा डाव १९४९-५०च्या सुमारास अमेरिकेत घरोघरी पोचला.

दोन कॅट आणि चार जोकर, एकूण १०८ पानं. चौघं, समोरासमोर जोडीदार, प्रत्येकी ११ पानं. जोकर आणि सगळ्या दुर्र्या हुकमी, म्हणजे कोणत्याही पानाच्या जागी चालतात. एका किमतीची सात पानं झाली की कनास्टा. सातही अस्सल असतील तर ५००, हुकमी पान मिसळलं असेल तर ३००. हुकमी पानं तीनपेक्षा जास्त नकोत. जोडीकडे एक तरी कनास्टा झाल्याशिवाय डाव संपवता येत नाही. पानांचे गुण: जोकर ५०, दुर्री आणि एक्का २०, राजापासून अठ्ठीपर्यंत १०, सत्तीपासून चौव्वीपर्यंत आणि काळी तिर्री ५. लाल तिर्री आली की लगेच समोर उघडी ठेवायची आणि बदली पान घ्यायचं. तिचे १००, चारही एकाच जोडीकडे आल्या तर ८००. पण जोडीने काहीच मांडलं नसेल तर तेवढेच वजा.

गोंधळ होतो तो पहिल्या मांडणीत. जोडीचे आधीचे गुण बघून किमान बेरीज लागते: उणे असतील तर १५, शून्य ते १४९५पर्यंत ५०, १५०० ते २९९५पर्यंत ९०, ३००० आणि पुढे १२०. हे चार आकडे मोठ्या अक्षरात टेबलाच्या मध्ये चिकटवा, अर्धे वाद तिथेच मिटतात. डाव ५०००चा असतो आणि सहज दीड-दोन तास घेतो. तुमच्या दुपारीत एक किंवा दोन हात खेळून गुण मांडा, ५०००ची वाट बघू नका.

सुरू करण्याआधी टेबलावरच्यांना विचारा, प्रत्येकी पानं किती वाटायची. कोणी १३ म्हणालं तर ते नंतरचा अमेरिकन कनास्टा खेळणारे आहेत, त्याचे नियम बरेच वेगळे. एका टेबलावर दोन्ही मिसळू नका.

हातात कधीकधी वीसहून जास्त पानं होतात. संधिवाताच्या बोटांना ती पंख्यासारखी धरता येत नाहीत. दीड फूट लाकडी पट्टीत करवतीने दोन तिरक्या खाचा पाडा, ३ मिमी रुंद आणि सेंटीमीटरभर खोल, कडा पॉलिश पेपरने मऊ करा. पुढच्या खाचेत अस्सल जोड्या, मागच्या खाचेत सुटी पानं. मोठ्या आकड्यांचे कॅट घ्या, आणि दोन्ही कॅटांची पाठ वेगळ्या रंगाची असली तरी आकार एकच हवा, नाहीतर पिसताना अडतं.

रारिटनकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चेंजर व्हॉल्व्हवाल्याकडे देते. किलवर_राणी, एक शंका: टाकलेल्या पानांचा ढीग "फ्रोझन" झाला असं आजी म्हणतात, ते नेमकं कधी?

किलवर_राणी

ढिगावर कोणी जोकर किंवा दुर्री टाकली की तो गोठला. ते पान आडवं ठेवा, म्हणजे वर इतर पानं पडली तरी दिसत राहतं. वाटल्यावर उघडलेलं पहिलं पान लाल तिर्री किंवा हुकमी निघालं तरीही गोठलेलाच. शिवाय ज्या जोडीने अजून पहिली मांडणी केलेली नाही, तिच्यापुरता तो नेहमीच गोठलेला असतो.

गोठलेला ढीग उचलायचा तर वरच्या पानाशी जुळणारी दोन अस्सल पानं हातात हवीत, एक अस्सल आणि एक जोकर चालत नाही. वर काळी तिर्री असेल तर पुढच्याला ढीग उचलताच येत नाही, म्हणून अडचणीच्या वेळी टाकायला ती राखून ठेवतात. आणि ढीग घेतला की तो पूर्ण घ्यावा लागतो, वरचं एकच पान नाही. रमीवाल्यांना हे पहिल्या हातातच एकदा दाखवून द्या.